संत्रा, कीडनाशकांचे अंश आणि ०.०१ चा आकडा

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या संत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. तीन औषधांचे उर्वरित अंश सापडले, पण भारतीय निकषांत माल पास झाला. युरोपला माल पाठवू पाहणारा निर्यातदार मात्र म्हणतो, यातलं एक औषध ०.०१ च्या वर आहे, माल चालणार नाही. एवढ्याशा अंशाने माणसाला काय होणार? आमचा माल अडवायचीच ही युक्ती आहे का? आणि तपासणी सालासकट का करतात? साल कोण खातं? आता आम्ही नेमकं काय करायचं?"

द्राक्ष आणि लिंबूवर्गीय फळांच्या अंश तपासणीत आणि निर्यातीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या आकड्याचं बघू, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे आपण ज्याला एमआरएल म्हणतो, ती विषाची रेषा नव्हे. ती ठरते शेतातल्या चाचण्यांवरून. एखादं औषध लेबलवर लिहिलेल्या मात्रेने, लेबलवर लिहिलेल्या वेळी फवारलं तर काढणीच्या दिवशी फळात जास्तीत जास्त किती उरतं, हे आधी मोजतात. मग तेवढा अंश रोजच्या आहारातून पोटात गेला तर आरोग्याच्या दृष्टीने चालेल का, हे तपासतात. दोन्ही जमलं की तो आकडा मर्यादा म्हणून जाहीर होतो. म्हणजे मर्यादा असायला त्या देशात त्या औषधाचा त्या पिकावर मान्य वापर हवा, किंवा कुणीतरी माहिती देऊन आयातीसाठी मर्यादा मागितलेली हवी. यातलं काहीच नसेल तर युरोपचा कायदा सरसकट तळाची मर्यादा लावतो: ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. हा नियम सप्टेंबर २००८ पासून सगळ्या सदस्य देशांत एकसारखा लागू आहे. जपानने २००६ मध्ये हीच पद्धत घेतली, तिथेही नाव नसलेल्या औषधाला ०.०१ पीपीएम, म्हणजे तेवढेच मिलिग्रॅम प्रति किलो. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांतही ज्या औषधाला त्या पिकावर मर्यादा दिलेली नाही तिथे सर्वसाधारणपणे ०.०१ च धरतात, हे मात्र फार थोड्या बागायतदारांना ठाऊक असतं.

म्हणजे ०.०१ चा अर्थ "याच्यावर गेलात तर विष" असा नाही. "हे औषध या फळावर आमच्याकडे ओळखीचं नाही" असा आहे. याचा पुरावा त्याच युरोपच्या यादीत सापडतो. काढणीनंतर बुरशी लागू नये म्हणून संत्र्याला चोळतात त्या इमॅझालिलला संत्र्यात ४ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, थायाबेंडाझोलला ७ पर्यंत. तळाच्या मर्यादेच्या चारशे ते सातशे पट. कारण स्पेनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत सगळे पॅकहाउसवाले ती औषधं वापरतात, त्यांची माहिती दाखल आहे, मर्यादा मागून घेतलेली आहे.

पण म्हणून प्रत्येक ०.०१ हा कागदी अडथळाच आहे असंही समजू नका. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं घ्या. विदर्भात काळ्या माशीवर ते वर्षानुवर्षं मारलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये युरोपने त्याची मान्यता संपवली, कारण तपासणीत मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि जनुकांवर होणाऱ्या संभाव्य परिणामांचे प्रश्न सुटले नाहीत आणि सुरक्षित पातळी म्हणून कुठलाच आकडा देता आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मर्यादा ०.०१ वर आली. कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या, यादीत लिंबूवर्गीय फळांसाठी ती १ मिलिग्रॅम होती, म्हणजे फरक शंभर पटीचा. अमेरिकेने २०२१ मध्ये सगळ्या खाद्यपिकांवरच्या मर्यादा रद्द केल्या, २०२३ मध्ये न्यायालयाने तो आदेश फिरवला, आणि २०२४ च्या अखेरीस तिथल्या पर्यावरण संस्थेने मोजक्या ११ पिकांपुरता वापर ठेवायचा प्रस्ताव आणला, त्यात लिंबूवर्गीय फळं आहेत. आपल्या केंद्र सरकारने २०२३ च्या आदेशात बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखूवर त्याचा वापर बंद केला. तुमच्या अहवालातल्या तीन नावांत हे एक असेल, तर युरोप राहू द्या, इथेही ते बागेत असायला नको होतं.

०.०१ किती बारीक आहे ते हिशेबाने बघा. चाळीस फुटी रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये साधारण २४ टन फळ बसतं. त्या सगळ्या फळात मिळून ०.०१ या दराने औषध किती? ०.२४ ग्रॅम. पाव ग्रॅमसुद्धा नाही. आता तुमचा पाठीवरचा दहा लिटरचा पंप घ्या. त्यात २० टक्के मूळ घटक असलेलं ईसी, म्हणजे द्रव औषध, लिटरला २ मिलि या प्रमाणात टाकलं, तर पंपात ४ ग्रॅम मूळ घटक गेला. एका पंपातल्या औषधात सोळा कंटेनरांची मर्यादा भरते. म्हणून काल कपाशीवर वापरलेला पंप आज नुसता विसळून संत्र्यात नेला, तर अहवालात कपाशीचं औषध दिसतं. शेतकरी शपथेवर सांगतो की मी हे मारलंच नाही, आणि तो खरंच बोलत असतो.

आता "ही आमचा माल अडवायची युक्ती आहे का" या प्रश्नाकडे येतो. प्रामाणिक उत्तर असं की, कधी कधी हो. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ चा करार सांगतो की देशांनी शक्यतो कोडेक्सच्या मर्यादा धराव्यात. त्याहून कडक मर्यादा लावायची असेल तर शास्त्रीय आधार द्यावा. ही दुसरी वाट मोठी आहे, आणि बहुतेक श्रीमंत देश तिच्यावरूनच चालतात. लिंबूवर्गीयांच्या व्यापारात याची उदाहरणं जुनी आहेत. १९७५ मध्ये जपानने अमेरिकेतून आलेल्या फळांत ओपीपी हे काढणीनंतरचं बुरशीनाशक पकडलं. जपानच्या कायद्यात काढणीनंतर लावलेलं बुरशीनाशक हे कीडनाशक न धरता खाद्यात मिसळलेला पदार्थ धरतात, आणि त्या यादीत ओपीपी नव्हतं. माल टाकून द्यावा लागला. दोन्ही सरकारांत ताणाताण झाली आणि १९७७ मध्ये जपानने ओपीपीला यादीत जागा दिली. फळ तेच होतं, औषधही तेच, फक्त यादीत नाव आलं. हे अमेरिकेला जमलं, कारण मागे वॉशिंग्टनचं वजन होतं.

याहून बोलकं उदाहरण ब्राझीलचं आहे. बाविस्टीन या नावाने आपल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. साओ पावलोच्या बागांत सालीवर काळे ठिपके पाडणारा रोग आणि फुलोऱ्यात फळं गाळणारी बुरशी, या दोन्हींवर तिथले बागायतदार कार्बेन्डाझिम मारायचे. ब्राझीलमध्ये ते कायदेशीर होतं. युरोपात त्या वेळी संत्र्यात ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २०० पीपीबी चालत होतं. डिसेंबर २०११ च्या अखेरीस कोका-कोला कंपनीने स्वतः अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवलं की ब्राझीलच्या रसात कार्बेन्डाझिमचे अंश सापडत आहेत. कळवलेले आकडे ३५ पीपीबीपर्यंतचे होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सांगितलं की ८० पीपीबीपर्यंत आरोग्याची चिंता नाही. तरीही अमेरिकेत संत्र्यावर या औषधाला मान्यताच नव्हती, त्यामुळे प्रशासनाने बाहेरून येणारा रस बंदरात अडवून तपासायला सुरुवात केली आणि १० पीपीबी व त्यावरचा माल परत पाठवायचं ठरवलं. १० पीपीबी म्हणजे तोच आपला ०.०१.

यात ब्राझीलची आणखी एक अडचण झाली. ते रस पाच-सहा पट आटवून पाठवतात. पाणी आटतं, औषध मागे राहतं. पाणी घालून प्यायला तयार केलेला रस मर्यादेत असला तरी आटवलेला नमुना मर्यादेबाहेर जातो. ब्राझीलच्या निर्यातदारांनी विनंती केली की पाणी घातल्यानंतरचा आकडा धरा. ती मान्य झाली नाही. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात जानेवारी २०१२ मध्ये संत्र्याच्या रसाचा भाव तोवरच्या विक्रमी पातळीवर गेला. अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनीच "आरोग्याला धोका नाही" असं सांगितलेलं होतं, तरी माल अडला तो अडलाच. ब्राझीलने वाद घालत वर्षं घालवली नाहीत. तिथल्या बागायतदारांच्या आणि रस कारखान्यांच्या संस्थेने त्याच वर्षी कार्बेन्डाझिम आपल्या शिफारशींच्या यादीतून काढून टाकलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या रस निर्यातदाराने जर गिऱ्हाइकाच्या यादीप्रमाणे टाकीतलं औषध बदललं, तर आपण कोणत्या जोरावर हट्ट करणार? भांडायचं असेल तर ते दिल्लीने जिनिव्हात, व्यापार संघटनेत भांडायचं, आणि भारताने तिथे युरोपच्या मर्यादांबद्दल हरकती घेतलेल्याही आहेत. दक्षिण आफ्रिका आज फळपोखरणाऱ्या पतंगाच्या आणि काळ्या ठिपक्यांच्या नियमांवरून युरोपशी तिथेच भांडते आहे. त्यांची गोची तर दुहेरी आहे. सालीवर एकही ठिपका नको म्हणून फवारा, आणि अंश नको म्हणून फवारू नका. त्या ठिपक्यांवर वापरायच्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची मान्यताही युरोपने २०२० च्या अखेरीस काढून घेतली. असे दावे वर्षानुवर्षं चालतात. तुमचा आंबिया बहार तेवढा थांबत नाही.

सालाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मर्यादा ही बाजारात फळ ज्या रूपात विकलं जातं त्या रूपासाठी ठरते, आणि संत्रा सालासकट विकला जातो. आरोग्याचा धोका मोजताना तज्ज्ञ फक्त गराचे आकडे वेगळे घेतात, त्यामुळे "साल खात नाही" हा मुद्दा तिथे धरला जातो. पण बंदरावर तुलना सालासकटच्या आकड्याशीच होते. प्रयोगशाळेत देठ काढून फळ अख्खंच दळतात. आणि अंश बहुतेक सालातच असतो. संत्र्याच्या सालात तेलाच्या बारीक पिशव्या असतात; क्लोरपायरीफॉससारखी तेलात विरघळणारी औषधं तिथे मुरून बसतात आणि पानांवरच्या औषधापेक्षा सावकाश विरतात. म्हणून काढणीनंतर धुतल्याने धूळ जाते, थोडा वरवरचा अंश जातो, मुरलेला जात नाही. बाजारात "अंश काढून टाकणारी" धुण्याची पावडर विकायला येते, तिच्यावर पैसे घालवू नका.

आता अहवाल कसा वाचायचा ते. "पास" हा शब्द कोणत्या देशाच्या यादीवर पास आहे हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. दुसरं, अहवाल फक्त शोधलेल्या औषधांबद्दल बोलतो. न शोधलेलं औषध नसतंच असं नव्हे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे २०१० मध्ये फार महागात पडलं. ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी, २००६ पासून चालू होतं, बागा नोंदलेल्या होत्या, नमुने पास होत होते. पण क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे लिहोसीन किंवा सीसीसी हे वाढ रोखणारं औषध, तपासायच्या यादीतच नव्हतं. पाण्यात विरघळणारं असल्याने ते नेहमीच्या पद्धतीत सापडतही नाही, त्याला वेगळी तपासणी लागते. युरोपात ते शोधलं गेलं, मर्यादेपेक्षा जास्त निघालं, कंटेनर अडकले. एप्रिल छाटणीनंतर मारलेलं औषध पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या घडात निघालं, कारण वेलीच्या लाकडात ते साठून राहतं. त्यानंतर ते तपासणीच्या यादीत आलं आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचं काम आणखी वाढलं.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण फुलोऱ्यासाठी पाणी तोडून दिलेला आंबियाचा ताण पावसाने तुटू नये, नवती (नवी पालवी) फुटू नये म्हणून विदर्भात हेच क्लोरमेक्वाट संत्र्यावर मारतात. कीडनाशक नाही म्हणून ते कुणी फवारणीच्या वहीत लिहीत नाही. युरोपच्या यादीत संत्र्यासाठी त्याला वेगळी मुभा नाही, म्हणजे पुन्हा ०.०१. ताणाच्या वेळच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत आठ-दहा महिने जातात, तरी झाडाच्या लाकडातून काय येतं हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नका. प्रयोगशाळेला नमुना देताना "क्लोरमेक्वाटची वेगळी तपासणी करा" असं लिहून द्या, त्याचे वेगळे पैसे पडतील.

फळगळ थांबवायला फवारतात त्या टाकीचंही असंच आहे. १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम २,४-डी किंवा जिब्रेलिक ॲसिड, किलोभर युरिया आणि १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, हे मिश्रण तुमच्याकडे पाठ असतं. यातलं कुठलं नाव निर्यातीला नडेल असं विचारलं, तर बहुतेक जण २,४-डी सांगतात, कारण ते तणनाशक म्हणून माहीत आहे. प्रत्यक्षात २,४-डीला युरोपात आणि कोडेक्समध्ये लिंबूवर्गीयांत १ मिलिग्रॅमची मुभा आहे. नडतं ते कार्बेन्डाझिम. युरोपातली त्याची मान्यता २०१४ मध्येच संपली. त्याच्या जागी थायोफेनेट मिथाईल वापरून सुटका होत नाही, कारण त्याचं विघटन होऊन कार्बेन्डाझिमच तयार होतं. दुकानदार "हे वेगळं आहे" म्हणून देतो, अहवालात मात्र कार्बेन्डाझिम येतं. टाकीतल्या तीन वस्तूंतली एक काढली की निम्मा प्रश्न सुटतो, आणि हे समजायला कुठल्याही सल्लागाराची गरज नाही, फक्त यादी समोर ठेवून टाकी भरायला हवी.

करायचं काय, याचं माझं उत्तर एवढंच आहे की बाजार आधी ठरवा, फवारणी मग. बहार धरायच्या आधी. आपल्याकडे क्रम उलटा असतो: फळ रंगावर आलं की गिऱ्हाईक शोधायचं आणि मग त्याच्या निकषांवर तपासायचं. तोवर झाडावर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

लेबलवरचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते तोडणी यातला सांगितलेला कालावधी, भारतीय मर्यादेसाठी काढलेला आहे. युरोपसाठी तो पुरत नाही. समजा फवारणीच्या दिवशी फळात ०.६४ अंश आहे आणि दर सात दिवसांनी तो निम्मा होतो. आठवड्यात ०.३२ होईल, इथली मर्यादा ०.५ असेल तर तुम्ही पास. पण ०.०१ ला यायला सहा वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे बेचाळीस दिवस. शिवाय हे निम्मं होणं ऊन-पावसावर अवलंबून असतं. ऑक्टोबरच्या उन्हातला वेग डिसेंबरच्या थंडीत मिळत नाही. म्हणून निर्यातीच्या बागेत यादीबाहेरचं औषध फळ धरल्यावर नकोच, आणि शेवटचे दोन महिने तर फार जपून. या दोन महिन्यांत त्रास देतात ते रस शोषणारे पतंग आणि फळमाशी. दोघांनाही फळावर न फवारता आवरता येतं. फळमाशीला मिथाईल युजेनॉलचे सापळे, पतंगाला गूळ आणि फळांचा रस घातलेलं विषारी आमिष झाडाखाली, संध्याकाळी धूर, आणि गळालेली फळं रोज उचलून पुरणं. हे कष्टाचं आहे, मजूर मिळत नाहीत हेही खरं. पण आमिषातलं औषध फळाला लागत नाही, आणि अहवालात येत नाही. सायला आणि काळी माशी या किडींचा बंदोबस्त नवतीच्या वेळीच झाला पाहिजे. तेव्हा फळ नसतं किंवा वाटाण्याएवढं असतं, औषध विरायला महिने मिळतात.

"सेंद्रिय टॉनिक" या प्रकाराबद्दल मला मनापासून काळजी वाटते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतात, कीड मात्र झटक्यात मरते. अशा बाटल्यांत न सांगता रासायनिक कीडनाशक मिसळलेलं असल्याचं तपासणीत अनेकदा निघालं आहे. निर्यातीच्या बागेत ज्या बाटलीवर घटकाचं नाव आणि प्रमाण नाही, ती बाटली बांधावरही आणू देऊ नका, ती जवळच्या माणसाने दिलेली असली तरी.

शेजारच्या कपाशीवरून उडून येणारं औषध हा वरूडसारख्या भागात खरा धोका आहे. बांधालगतच्या दोन ओळी निर्यातीच्या तोडणीतून सरळ वगळा. पंप आणि ब्लोअर वेगळा ठेवा. भाड्याचा ब्लोअर येत असेल तर आधीच्या शेतात काय मारलं ते विचारून लिहून ठेवा.

तुमच्याकडची आणखी एक पद्धत निर्यातीला मारक आहे: बगीचा ठोक्याने विकणं. फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला दिलं की शेवटच्या महिन्यात कोण काय फवारतं याचा ताळमेळ राहत नाही. नोंदीची साखळी तिथे तुटते, आणि युरोपचा माल म्हणजे साखळीच असते: कोणती बाग, कोणती फवारणी, कोणता नमुना, कोणती पेटी. सिट्रसनेटमध्ये, म्हणजे ग्रेपनेटसारख्याच लिंबूवर्गीयांच्या नोंदणीत, बाग नोंदवणं हे त्यासाठीच आहे. कंपनी म्हणून तुम्ही निदान निर्यातीच्या बागांपुरतं तरी सभासदांशी लेखी ठरवा की फळ ठोक्याने जाणार नाही.

काढणीनंतर फळाला मेणाचा थर देतात त्या कोटिंगच्या सेंटरवरचं मेण विसरू नका. मेणाच्या पाण्यात बुरशीनाशक मिसळतात का, कोणतं, किती, हे सेंटरवाल्याकडून लिहून घ्या. बागेतून स्वच्छ आलेलं फळ तिथे दहा मिनिटांत नापास होऊ शकतं. आधीच्या लॉटचं औषध ब्रशमध्ये राहिलेलं असतं, म्हणून निर्यातीचा माल दिवसातला पहिला, ब्रश धुतल्यावर. युरोपात पेटीवर काढणीनंतर वापरलेल्या औषधाचं नाव लिहावंच लागतं. आणि फळाला देठ-पान चालत नाही, पानासकट संत्र्याची आपली हौस तिथे पेटी अडवते.

नमुन्याबद्दल थोडं. नमुना तोडणीच्या आधी पंधरा-वीस दिवस घ्या, म्हणजे निकाल आल्यावर थांबायला किंवा ती बाग वगळायला वेळ राहतो. कमीत कमी दहा फळं, एक किलोपेक्षा जास्त, पण एकाच झाडाची नकोत. बागेच्या सगळ्या बाजूंनी, झाडाच्या वरून-खालून, आतून-बाहेरून. चकचकीत दहा फळं निवडून नेलीत तर तुम्ही प्रयोगशाळेला फसवत नाही, स्वतःला फसवता. एकाच कंपनीच्या दहा बागांचा मिळून एक नमुना करू नका. एका बागेचा दोष नऊ बागांत पातळ होऊन दिसेनासा होतो, आणि तिकडे नेमकी त्या दहाव्या बागेची पेटी उघडली जाते.

सरकारी तपासणीत युरोपवाले मोजमापातली अनिश्चितता ५० टक्के धरून वजा करतात. म्हणजे ०.०१८ आलं तरी ते उल्लंघन म्हणत नाहीत, ०.०२१ ला म्हणतात. ही सवलत त्यांच्या अधिकाऱ्यासाठी आहे, तुमच्या नियोजनासाठी नाही. कारण खरेदीदार याहून कडक असतो. जर्मनीतल्या काही दुकान-साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच मान्य करतात, वर एका फळात एकूण किती औषधं दिसली तर चालतील याचीही संख्या ठरवतात. पाच औषधांचे बारीक बारीक अंश, प्रत्येक मर्यादेत, आणि तरी माल नाकारला, हे होतं. हे कायद्यात नाही, खरेदीच्या करारात असतं, म्हणून करार आधी वाचा.

आणि एका निर्यातदाराने निष्काळजीपणा केला तर किंमत सगळ्यांना मोजावी लागते. ज्या देशाचे माल वारंवार नापास होतात त्या देशाच्या त्या फळाची युरोप वाढीव प्रमाणात तपासणी लावतो आणि यादी दर सहा महिन्यांनी बघतो. तुर्कस्तानची संत्री, मंडारिन आणि लिंबं, इजिप्तची संत्री या यादीत आलेली आहेत. ठरलेल्या प्रमाणात कंटेनर थांबतात, थांबलेल्या कंटेनरचं भाडं चढतं, फळ मऊ पडतं. आपला नागपुरी संत्रा सैल सालाचा, लवकर खराब होणारा; त्याला बंदरात आठवडाभर थांबणं झेपत नाही.

शेवटी माझं मत, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. नागपुरी संत्रा युरोपात मोठ्या प्रमाणावर विकला जाईल असं मला वाटत नाही. बिया आहेत, टिकवण कमी आहे, आणि तिकडे बिनबियांच्या मंडारिनची सवय आहे. आपला मोठा बाहेरचा बाजार बांगलादेश होता, तिथे अंशाचा प्रश्न कुणी विचारत नव्हता. तरी तो बाजार आपल्या हातून सुटत गेला, कारण २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या आसपास असलेलं आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेलं. एकाच गिऱ्हाइकावर जगणं किती महाग पडतं ते विदर्भाने त्या वर्षांत पाहिलं. म्हणून मी अंशाच्या शिस्तीकडे युरोपपुरतं बघत नाही. आखातातले खरेदीदार आता अहवाल मागतात, मुंबई-पुण्यातल्या मोठ्या साखळ्या मागू लागल्या आहेत, रस आणि पल्पचे कारखाने मागतात. आणि हेच फळ आपल्या घरची पोरं खातात. जो माल ०.०१ च्या यादीत बसतो तो यातल्या कुठल्याही दारातून जातो.

सुरुवात लहान करा. ठोक्याने न विकणारे, वही लिहिणारे आणि एकमेकांजवळ बागा असलेले पंधरा-वीस सभासद निवडा. ताणाच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, त्यांची बैठक घ्या. युरोपची लिंबूवर्गीयांची यादी आणि आपल्या लेबल क्लेमची, म्हणजे या पिकावर मान्य औषधांची, यादी शेजारी ठेवून दोन्हींत बसणारी औषधं निवडा. ती थोडीच निघतील, त्यातच हंगाम बसवायचा. क्लोरमेक्वाट मारायचं की नाही, याचा निर्णय त्याच बैठकीत घ्या आणि ज्यांनी मागच्या हंगामात मारलं आहे त्यांच्या बागा या वर्षी फक्त तपासणीसाठी ठेवा. तुमच्याकडे आलेल्या अहवालाची पूर्ण प्रत, कोणती औषधं शोधली त्या यादीच्या पानासकट, माझ्याकडे पाठवा. सापडलेल्या तीन नावांपैकी कोणतं बागेतून आलं, कोणतं शेजारून आणि कोणतं मेणातून, हे फवारणीच्या वहीशी ताडून बहुतेक सांगता येईल.